जेवूनच येईल तो

आमच्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात एक जागा आहे. रात्रीचे साडेदहा वाजलेत, मुलगा सहा वर्षांनी अमेरिकेहून आलाय, विमान दुपारीच उतरलंय आणि तो अजून घरी पोचलेला नाही. आई ताट वाढून बसलीये. ती उठते, वाढलेल्या ताटावर दुसरं ताट पालथं घालते, पदराला हात पुसते आणि कुणाकडेच न बघता म्हणते, "जेवूनच येईल तो." मग मनात दोन आकडे मोजायचे आणि लँडलाइनची रिंग सोडायची. ती रिंग मी सोडतो. गेली चौदा वर्षं नाटकांचं म्युझिक ऑपरेट करतोय, आधी सीडी होत्या, आता लॅपटॉप आला, पण काम तेच, वाक्य पडलं की बोट पडलं पाहिजे.

बहुतेक थिएटरांत मी सगळ्यात मागे केबिनमध्ये असतो, कुठे केबिनच नसली तर विंगेत टेबल टाकून. केबिनमधून प्रेक्षकांची फक्त टाळकी दिसतात. हलणारी, न हलणारी, शेजारच्या टाळक्याकडे झुकणारी आणि हल्ली मधूनच खालून निळसर उजळणारी. त्यामुळे प्रेक्षक मला दिसतो कमी आणि ऐकू जास्त येतो. क्यूशीटच्या, म्हणजे कुठल्या वाक्याला कुठला आवाज सोडायचा त्या यादीच्या, मार्जिनमध्ये पेन्सिलने लिहायची सवय लागलीये, "दादर रवि. ४, लाफ्टर ६ सेकंद", "नाशिक, लाफ्टर नाही, का?" हे काही संशोधन वगैरे नाही हो, हशा किती टिकणार याचा अंदाज नसेल तर पुढचा क्यू हशात बुडतो आणि शिव्या मला पडतात.

पण चौदा वर्षांत अशी बरीच क्यूशीटं जमली आणि एक गोष्ट डोक्यात बसलीये, की आपण प्रेक्षकांना जे सुजाण, अडाणी, थंड, गावठी असले शिक्के मारतो ना, ते बहुतेक वेळा चुकीचे असतात. प्रेक्षक ज्या पद्धतीने दाद देतो ती पद्धत तो कुठूनतरी शिकून आलेला असतो. कुणी देवळात, कुणी शेतातल्या मांडवात, कुणी शाळेच्या गॅदरिंगला, कुणी आजीच्या मांडीवर.

दादरला रविवारी दुपारी चारचा प्रयोग म्हणजे आमच्यासाठी घरचं मैदान. तिथे त्या वाक्यानंतर शांतता पडते. बांगड्यांचा आवाज, कुणाच्या तरी पर्सची चेन, एसीची घरघर. मग रिंग. पुण्यातही शांतता पडते पण ती जरा वेगळी असते, परीक्षकाच्या शेजारी बसल्यासारखी. (पुणेकरांनी रागावू नये, माझी सासुरवाडी तिथलीच.) एकदा प्रयोग संपल्यावर साधारण सत्तरीचे एक गृहस्थ मला शोधत थेट केबिनपर्यंत आले, मी वायरी गुंडाळत होतो, आणि म्हणाले, "तुमच्या नाटकातला काळ ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा आहे ना? मग ही रिंग पुश-बटणवाल्या फोनची कशी? काळ्या फोनची घंटी खणखणीत वाजायची, दोनदा वाजून थांबायची." बाकी नाटक कसं वाटलं याबद्दल चकार शब्द नाही. मला आधी रागच आला, मग घरी येऊन ऐकलं तर त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. रिंग बदलली. आता ती दाद होती की तक्रार? मी तरी दादच समजतो. दोन तास एखादा माणूस इतका कान देऊन बसला होता, अजून काय हवं.

आणि मग कुडाळ.

कोकण दौऱ्यातला तिसरा प्रयोग होता, सगळे बसमध्ये आंबून गेलेले, सेट लावायला उशीर, तिसरी घंटा वीस मिनिटं उशिरा. प्रेक्षक पहिल्यापासूनच बोलका. म्हणजे गोंगाट नाही, पण नाटकातल्या बापाने लबाडी केली की "बघ, बघ कसो बोलता तो" असं स्पष्ट ऐकू यायचं. आमचा हीरो, मुंबईत वाढलेला, मध्यंतरात वैतागला होता, लोकांना शिस्त नाही म्हणाला. दुसऱ्या अंकात ताईंनी (आईचं काम करतात त्या, आम्ही सगळे त्यांना ताईच म्हणतो) ताट झाकलं, पदराला हात पुसले, "जेवूनच येईल तो." एक... आणि डावीकडून मधल्या रांगांतून एक बाईमाणसाचा आवाज आला, मोठा नाही, शेजारणीशी बोलावं तसा. "तो काय येवचो नाय, तू जेव गो बाये."

हॉलमध्ये कुणीही हसलं नाही, हे मला अजून आठवतं. मुंबईत हसले असते. ताई तिथेच थांबल्या. त्यांनी त्या आवाजाच्या दिशेने अगदी थोडी मान हलवली, इतकी थोडी की ती आईनेच हलवली असं वाटावं, आणि झाकलेल्या ताटाकडे बघत उभ्या राहिल्या. मी रिंग सोडायची विसरलो. चार सेकंद गेले असतील. मग सोडली, त्या दचकल्या आणि फोनकडे धावल्या, त्या खरंच दचकल्या होत्या. त्यानंतर ब्लॅकआउट. मी मार्जिनमध्ये काहीच लिहिलं नाही त्या दिवशी.

रात्री बसमध्ये दिग्दर्शकाने माझी खरडपट्टी काढली, दोन म्हणजे दोन, तुला आकडे येत नाहीत का. हीरो म्हणाला, असल्या प्रेक्षकांत रिंग वेळेवर आली काय नि नाही काय. आमचे लाइटवाले काका, जे चाळीस वर्षं या धंद्यात आहेत आणि सहसा बोलत नाहीत, ते पुढच्या सीटवरून म्हणाले, "अरे ते दशावतार बघून मोठे झालेत. तिथे गप्प बसलास तर पात्राला वाटतं हा झोपला."

आणि खरंच आहे ते. सिंधुदुर्गात आणि तिकडे गोव्यात जत्रेला रात्रभर दशावतार चालतो. लिहिलेली संहिता नसते, कथानक ठरलेलं, संवाद तिथल्या तिथे रचायचे. संकासुर येतो, लोकांची मस्करी करतो, लोक त्याची करतात. समोरून काहीच आलं नाही तर पात्र बोलणार कशावर? मच्छिंद्र कांबळींचं 'वस्त्रहरण', गंगाराम गवाणकरांनी लिहिलेलं, १९८० मध्ये आलं आणि पाच हजारांच्या पुढे प्रयोग झाले, त्यातली सगळी गंमतच ही, की गावात नाटक बसवणारे आणि गावातले बघणारे यांच्यात भिंत अशी नाहीच. मुंबईच्या लोकांनी ते डोक्यावर घेतलं, हसून हसून लोळले, पण तेच मुंबईकर स्वतः खुर्चीत गप्प बसून हसले हेही तितकंच खरं.

मला माझी आजी आठवली. ती गोष्ट सांगायची तेव्हा हुंकार द्यावा लागायचा. "एक होता राजा." हं. "त्याला दोन राण्या." हं. डोळे मिटले तरी चालायचे पण हुंकार थांबला की गोष्ट थांबली. "हुं म्हण रे, नाहीतर मी चालले झोपायला." म्हणजे ऐकणं हे सुद्धा तोंडाने करायचं काम होतं. कीर्तनात बुवा विठ्ठल म्हणाले की सगळ्यांनी म्हणायचं, पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी जी जी करतात, गोंधळात एक बोलतो तर दुसरा त्याला साथ देतो. मग आपण तोंड मिटून, हात मांडीवर ठेवून, अंधारात बसायला शिकलो कधी?

यावर बसमध्ये फोनवर बराच वेळ घालवलाय मी, दौऱ्यात दुसरं करायचं काय. अंधार ही तर कालपरवाची गोष्ट आहे म्हणे. आधी जगभर नाटकं दिवसाउजेडी नाहीतर मेणबत्त्या-झुंबरांच्या उजेडात व्हायची आणि प्रेक्षक एकमेकांना लख्ख दिसायचे. शेक्सपिअरच्या वेळी एक पेनी देऊन खाली उभं राहायचं, दाणे फोडून खायचे, ओरडायचं. जर्मनीत संगीतकार वागनरने १८७६ मध्ये बायरॉइटला स्वतःचं थिएटर उघडलं आणि प्रेक्षागृहात अंधार केला, वादकही स्टेजखाली दडवले, की लोकांनी फक्त समोर बघावं. लाइटवाल्या काकांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, "बरं केलं, नाहीतर आम्हाला कोण विचारलं असतं."

पण शांत बसणं म्हणजे काहीतरी परकीय थेर आहे असं म्हणावं तर तेही खरं नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात सत्ताविसावा अध्याय सगळा यावरच आहे, प्रयोग सिद्ध झाला हे ओळखायचं कसं. एक मानुषी सिद्धी आणि एक दैवी. मानुषीची यादी वाचून मी बसमध्ये एकटाच हसत होतो. गालातल्या गालात हसू, अर्धवट हसू, खदखदून हसू, मग 'साधु', मग 'अहो', करुण असेल तर 'कष्टम्', अंगावर काटा, जागेवरून उठणं, आणि शेवटी अंगावरची वस्त्रं आणि बोटातल्या अंगठ्या फेकणं. म्हणजे माझी क्यूशीटची मार्जिन दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलीये. आणि दैवी सिद्धी कुठली? जिथे आवाज नाही, गडबड नाही, काही उत्पात नाही आणि प्रेक्षागृह भरलेलं आहे. आमच्या मॅनेजरला हे सांगितलं, तो म्हणाला हाऊसफुल्लला दैवी म्हणणारा माणूस नक्की आधी कॉन्ट्रॅक्टर असणार.

त्याच अध्यायात प्रयोग पाडणाऱ्या गोष्टीही दिल्यात. वारा, पाऊस, आग, हत्ती, साप. आणि वैऱ्यांनी मुद्दाम घातलेली विघ्नं, त्यात मोठमोठ्याने हसणं-रडणं, शेण, ढेकळं आणि चक्क मुंग्या फेकणं! मुंग्या! किती विचार करून कुणीतरी मुंग्या गोळा करून आणल्या असतील नाटकाला. हल्ली लोक फक्त वाईट रिव्ह्यू टाकतात.

काकांकडे जुन्या संगीत नाटकांच्या ऐकीव गोष्टी भरपूर, त्यांचे वडील तिथेच होते कंपनीत. वन्समोअर ही दाद आपण इतकी मराठी करून टाकली की ती इंग्रजी आहे हे आठवतही नाही. पद आवडलं की वन्समोअर, मग पुन्हा तेच पद, पुन्हा वन्समोअर, 'मानापमान'ची नायिका भामिनी बिचारी रागावून निघून जायला निघाली आहे आणि तिला चारदा रागवावं लागतंय. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत जायचं. १९२१ च्या जुलैमध्ये मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' झालं, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर, दोन वेगळ्या कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर. तिथे लोक गोष्ट बघायला आलेच नसणार, गोष्ट त्यांना पाठ होती, ते दोन गळे ऐकायला आले होते, आणि एकाच्या पदाला वन्समोअर म्हणजे दुसऱ्याला आव्हान. तीनच महिन्यांत केशवराव गेले. मला साउंडवाला म्हणून नेहमी वाटतं, माइक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचायचा म्हणजे गर्दी गाण्यापुरती तरी गप्प बसत असणार, आणि गाणं संपलं की छप्पर उडवत असणार. दोन्ही जमायचं त्यांना.

गोव्यात हे अजून जिवंत आहे. तिथे तियात्र म्हणून कोकणी नाटकं असतात, त्यांत कांतारं, म्हणजे गाणी, गातात, लोकांना आवडलं की टाळ्या-शिट्ट्या थांबतच नाहीत, आणि गाणारे त्याच ओळी परत म्हणत नाहीत, वन्समोअरसाठी जादा कडवं आधीच लिहून तयार ठेवलेलं असतं. आणि बरेचदा खरी चपराक त्या जादा कडव्यात असते, पुढाऱ्यांना, सरकारला. मला ही आयडिया इतकी आवडली. म्हणजे प्रेक्षकाने मागितलं नाही तर ते कडवं तसंच खिशात घरी परत.

जपानच्या काबुकीमध्ये तर ओरडण्याचे पण तज्ज्ञ असतात. सगळ्यात मागच्या स्वस्त जागांवर बसणारे, त्यांना ओमुको म्हणतात, नट एखादा डोळे फिरवून पवित्रा घेऊन थिजला की नेमक्या त्या क्षणी त्याच्या घराण्याचं नाव ओरडायचं. दांजुरोच्या घराण्याचा असेल तर "नारिताया!", किकुगोरोच्या असेल तर "ओतोवाया!" अर्धा सेकंद अलीकडे नाही, पलीकडे नाही. मी व्हिडिओ बघितले तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हे लोक म्हणजे माझेच धंदेबंधू आहेत, क्यू घेतायत, फक्त तिकीट काढून. कोरोनात तिथे असं ओरडायला बंदी आली होती, तेव्हा त्या थिजलेल्या नटांना कसं वाटलं असेल याचा मी विचार करतो कधीकधी. रिंग न वाजलेल्या फोनसारखं.

माझा एक मित्र वडशाचा आहे, गडचिरोली जिल्ह्यातला. झाडीपट्टीचं नाटक बघायला चल म्हणून चार वर्षं मागे लागला होता, शेवटी एका जानेवारीत गेलो. तिथे धान कापून झालं की दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम. कंपन्यांची ऑफिसं वडशात ओळीने, बाहेर बोर्ड लावलेले. दिवसा गावात शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. पाहुणे मुक्कामाला आलेले, घराघरात चुली पेटलेल्या, जेवणं उरकून लोक दहाच्या सुमारास पोती, चादरी, पोरं घेऊन मांडवात. थंडी अशी की माझी बोटं वळेनात. नाटक सुरू झालं ते उजाडेपर्यंत. मधे गाणी, नाच, शिट्ट्या, मग एकदम मरणाचा सीन, मग पुन्हा विनोद. माझ्या शेजारी एक आजोबा घोंगडीत गुरफटून चक्क घोरत होते. दुसऱ्या अंकात नायिकेला सासू घराबाहेर काढते त्या सीनला ते उठून बसले, डोळे पुसले, सीन संपला की पुन्हा आडवे. मी मित्राला विचारलं यांना कळलं कसं. तो म्हणाला त्यांनी हे नाटक आधी पण पाहिलंय, आणि नसतं पाहिलं तरी, आवाज बदलला की कळतंच की.

घोरणारा प्रेक्षक! आमच्याकडे कुणी घोरला तर नट दुसऱ्या दिवसापर्यंत धुमसतात. आणि इथे आजोबांना त्या रात्रीतलं जे हवं ते बरोबर मिळालं. (२०२३ मध्ये झाडीपट्टीच्या परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या ग्रुपवर अर्ध्या लोकांना झाडीपट्टी म्हणजे काय हे सांगावं लागलं. असो.)

सगळीच बोलकी दाद प्रेमाची असते असं मात्र नाही हं. एका मोठ्या कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात आमचा प्रयोग होता, समोर गोल टेबलं, स्टार्टर फिरतायत, लोक स्टेजकडे पाठ फिरवून बोलतायत. त्या रात्री ताईंनी ताट झाकलं तेव्हा एका वेटरने टेबलावरचं ताट उचललं. क्यूशीटवर लिहिलं, "नाईट मिळाली." (नाईट म्हणजे प्रयोगाचे पैसे.)

चिडलेला प्रेक्षक हा आणखी वेगळा प्रकार, आणि तो सगळ्यांत मन लावून ऐकणारा असतो असं माझं मत झालंय. १९०७ मध्ये डब्लिनच्या ॲबी थिएटरात आयरिश नाटककार जे. एम. सिंगचं 'द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड' आलं. तिसऱ्या अंकापर्यंत लोक धुमसत बसले होते, आणि नायकाच्या तोंडी बायकांच्या आतल्या कपड्याचं नाव आलं, एक साधा शब्द, तिथे उसळले. थिएटर चालवणाऱ्या लेडी ग्रेगरीने आपला साथीदार कवी येट्सला तार केली की अमुक शब्दावर प्रेक्षक फुटला. आठवडाभर पोलीस बंदोबस्तात प्रयोग झाले, आवाज इतका की नट नुसते तोंड हलवत होते. पुढे तेच नाटक घेऊन मंडळी अमेरिकेला गेली तर १९१२ मध्ये फिलाडेल्फियात नटांना अटक झाली, कारण तिथल्या स्थलांतरित आयरिश लोकांना गावाकडचे लोक असे दाखवलेले चालेनात. गावापासून जितकं लांब तितकं गावाबद्दल हळवं.

आपल्याकडे तेंडुलकरांच्या 'गिधाडे'च्या वेळी, १९७० मध्ये, रमाच्या साडीवरच्या लाल डागाला सेन्सॉरने हरकत घेतली. मग तो डाग निळा केला आणि प्रयोगाआधी घोषणा, की हा डाग लाल आहे असं समजून घ्यावं. माझ्या मते मराठी रंगभूमीवरचा हा सगळ्यात भारी क्यू आहे. डाग निळा, आणि समोर बसलेली सगळी माणसं आपापल्या डोक्यात तो लाल करतायत. खराखुरा लाल रंग असता तर इतका लाल दिसला नसता.

गावापासून लांब म्हटलं त्यावरून अमेरिका. आमच्याही नाटकाचा दौरा झाला तिकडे, फक्त शनिवार-रविवार प्रयोग, बाकीचे दिवस कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये झोपणं आणि डिशवॉशर कसा लावायचा ते शिकणं. न्यू जर्सीत एका शाळेचं ऑडिटोरियम होतं, आपल्या कुठल्याही थिएटरपेक्षा चांगलं. आधी श्रीखंड-पुरीचं जेवण, मग नाटक. पहिल्या अंकात मी हैराणच झालो, कारण लाफ्टर भलत्याच जागी यायला लागले. "गॅसचा नंबर लागला का?" हे वाक्य. दादरला त्यावर काही नाही, साधं वाक्य आहे. तिथे हशा आणि वर टाळी, पाच सेकंद! रॉकेलच्या रांगेवर टाळी. दाराच्या कडीच्या आवाजावर हशा, तो तर माझाच इफेक्ट. त्यांचं स्टेजवरचं घर आणि आमचं स्टेजवरचं घर एक नव्हतंच.

मग दुसरा अंक. ताट झाकलं. "जेवूनच येईल तो."

ती शांतता मला लिहिता येणार नाही. दादरची नव्हे, पुण्याची नव्हे. दादरला सगळे आईच्या बाजूने बसलेले असतात. इथे पाचशे माणसं तो न आलेला मुलगा होऊन बसली होती. मग नाकं ओढल्याचे आवाज सुरू झाले, आधी एक, मग इकडून तिकडून. रिंग दिली, ब्लॅकआउट झाला, त्या जागी नेहमी टाळी पडते, ती पडली नाही. ताई विंगेत येऊन म्हणाल्या, "काय झालं, आवडलं नाही का?" प्रयोग संपल्यावर मी वायरी गोळा करून लॉबीतून गाडीकडे चाललो होतो, तर पन्नाशीचा एक माणूस, कुर्ता, जाकीट, एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून फोनवर. तिथे रात्रीचे नऊ, म्हणजे इकडे सकाळचे साडेसहा. "काही नाही गं, सहजच केला. चहा झाला का तुझा?"

अथेन्सची गोष्ट मी नंतर वाचली. इसवी सन पूर्व ४९४ मध्ये पर्शियन लोकांनी मिलेटस नावाचं शहर उद्ध्वस्त केलं, अथेन्सवाल्यांना ते आपलंच, भाऊबंदांचं वाटायचं. फ्रिनिकस नावाच्या नाटककाराने लगेच त्यावर नाटक केलं. सगळं थिएटर ढसाढसा रडलं. आणि मग त्यांनी त्याला हजार द्राख्मांचा दंड केला, आमचंच दुःख आम्हाला आठवून दिलंस म्हणून, आणि हे नाटक पुन्हा कुणी करायचं नाही असा हुकूम काढला. हेरोडोटसने लिहून ठेवलंय. न्यू जर्सीच्या मंडळाने आम्हाला दंड केला नाही, उलट शाल-श्रीफळ दिलं, पण दुसऱ्या दिवशी आमचे यजमान गाडी चालवताना म्हणाले, "पुढच्या वेळी जरा हलकंफुलकं आणा ना." मला तेव्हा ते खटकलं होतं. आता नाही खटकत.

आणि 'गोदो'. दोन माणसं गोदोची वाट बघत बसतात आणि तो येतच नाही, एवढंच नाटक. बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' १९५६ च्या जानेवारीत मायामीला लागलं, दोन खंडांना हसवणारं नाटक अशी जाहिरात करून. लोक नटूनथटून आले आणि मध्यंतरात उठून गेले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९५७ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोची एक नाटकमंडळी ते सॅन क्वेंटिन तुरुंगात घेऊन गेली. निवडलं कशासाठी, तर त्यात एकही बाई नाही म्हणून. समोर चौदाशे कैदी. त्या तुरुंगात १९१३ मध्ये फ्रेंच नटी सारा बर्नहार्ट येऊन गेली होती, त्यानंतर नाटक असं झालंच नव्हतं. नट घाबरलेले, की जे शहाण्यासुरत्या समीक्षकांना उमगत नाही ते यांच्यापुढे कसं करायचं. आणि ते चौदाशे लोक शेवटपर्यंत बसले. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. रोज येणार येणार म्हणतात आणि येत नाही, यात न कळण्यासारखं काय आहे?

कुडाळच्या त्या बाईंनी कधी 'गोदो' बघितलं नसेल. घरात मुंबईला गेलेलं कुणीतरी असेल बहुतेक, आता कोकणात कुणाच्या घरात नसतं. त्यांनी दुसऱ्या आईला साधा व्यवहारी सल्ला दिला, जेवून घे.

त्या रात्री बसमध्ये शिव्या खाऊन झाल्यावर ताई माझ्या सीटपाशी आल्या होत्या. पाण्याची बाटली मागायच्या निमित्ताने हळूच म्हणाल्या, "तिथे जरा जागा राहू दे रे." एवढंच. तेव्हापासून मी दोनऐवजी चार मोजतो. दिग्दर्शकाला वाटतं लॅपटॉप स्लो झालाय, दोनदा फॉरमॅट करायला लावला त्याने. मी करतो फॉरमॅट. ताई त्या चार सेकंदांत काही करत नाहीत, नुसत्या उभ्या राहतात, ताटाकडे बघत. मुंबईत, ठाण्यात, नाशकात त्या चार सेकंदांत काहीच येत नाही. साधारण साठ-पासष्ट प्रयोग झाले असे. कधी खोकला, कधी मोबाईल, एकदा एका छोट्या मुलाने "आई, शू" म्हटलं.

गेल्या जुलैत कल्याणला प्रयोग होता. सकाळपासून पाऊस, गाड्या उशिरा, बुकिंग तसं झालं होतं पण लोक पोचलेच नाहीत, दीडशेच्या आत टाळकी असतील, तीही विखुरलेली, ओल्या छत्र्यांचा वास पार केबिनपर्यंत. पहिला अंक पडला, सरळ सांगतो. लाफ्टर सगळे अर्धवट, विरळ प्रेक्षकात माणूस एकटा हसायला लाजतो. मॅनेजर मागे येऊन उभा राहिला होता, हिशोब करत. दुसरा अंक. ताईंनी ताट झाकलं, पदराला हात पुसले.

"जेवूनच येईल तो."

एक. दोन. तीन. उजवीकडच्या रिकाम्या रांगांतून कुठूनतरी, म्हाताऱ्या माणसाचा, घसा न खाकरता आलेला आवाज.

"हं."

मी पाचव्याला रिंग सोडली. मार्जिनमध्ये लिहिलं, कल्याण, पाऊस, हं.